हाताखाली हात

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलेलं. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीबी मास्तर येतील त्या दिवसापुरती. म्हणून चुकलंमाकलं संभाळून घ्या असं लिहायची रीत आहे. मी लिहिणार नाही. जे झालं ते झालं तसं सांगतो, कुणाला पटो न पटो. देव आहे का नाही ह्यावर मी आयुष्यात कुणाशी भांडलो नाही. आमच्या घरात देवाचं खातं बायकोकडं होतं आणि रानाचं माझ्याकडं. माझ्या गळ्यात लिंग होतं ते बापानं जन्मताच बांधलं म्हणून. अंघोळ झाली की त्याला पाणी दाखवायचं, कपाळाला बोट ओढायचं, की झालो मी मोकळा. कधी कधी तेवढंबी राहून जायचं.

त्या चैतात माझी बायको, पोराची माय, अंगण झाडता झाडता खराट्यासकट खाली बसली. सुनेला वाटलं चक्कर आली. पण तोंड वाकडं झालं होतं आणि डावा हात पदराखाली कुणी दुसऱ्याचा ठेवल्यासारखा पडला होता. जीप करून परभणीच्या दवाखान्यात नेलं. तिथं जीव वाचला. डावं अंग मात्र गेलं ते गेलंच. बोलणं जड झालं, पण समजायचं. घरी सोडताना डॉक्टरांनी पोराला आणि मला समोर उभं करून सांगितलं, की औषध आपलं काम करील, पण खरं औषध म्हणजे अन्न. खातील तशी ताकद येईल. खाल्लं नाही तर आमच्या हातात काही नाही. मी मनात म्हणलं, एवढंच ना. आमच्या घरी ज्वारीला काय तोटा आहे.

तोटा ज्वारीचा नव्हता.

आम्ही लिंगायत. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. ज्याचं त्याचं लिंग ज्याच्या त्याच्या गळ्यात असतं, चांदीच्या डबीत. एकाच्या लिंगाला दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मग तो नवरा असो का पोटचा पोरगा. रोज सकाळी अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा. डावा हात म्हणजे देवाचं बसायचं ठिकाण. हे झाल्याबिगर तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही. आजकाल लय जण घालतात. मीबी घातलाय. तिनं कधीच घातला नाही. बाळंतपणात नाही, सुगीत नाही, लेकीच्या लग्नाच्या गडबडीत नाही. एसटीत बसल्या बसल्या तांब्यातल्या पाण्यानं पूजा करताना मी तिला पाहिलंय. मी खिडकीतून बाहेर बघायचो, लोक बघायलेत म्हणून.

दवाखान्यात होती तोवर सलाईनवर होती, खाण्याचा सवालच आला नाही. घरी आणल्यावर पहिल्याच सकाळी सुनेनं तिला अंग पुसून बाजंवर बसवलं, पाठीला उशा लावल्या, भस्म-बेल समोर ठेवला. तिनं उजव्या हातानं डबी उघडली. डावा हात उचलून मांडीवर ठेवला, बोटं एकेक करून उघडली, त्यावर लिंग ठेवलं. हात कलंडला. लिंग खाली पडलं, घरंगळत बाजंखाली गेलं.

सून वाकली तशी म्हातारी ओरडली, हात लावू नको. जड जिभेनं ओरडली. मग काय तर, मी आणि सुनेनं तिला उचलून जमिनीवर ठेवलं, पोरानं बाज सरकवली, आणि ती उजव्या कोपरावर रांगत गेली आणि तिनं आपल्या हातानं ते उचललं. डोळ्याला लावलं, डबीत घातलं, डबी बंद केली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा बाजंवर निजवलं तेव्हा म्हणली, "ते मला सोडून चाललंय. आता कशाचं खाणं."

त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं. पाणी घ्यायची, तेबी ओठ ओले करण्यापुरतं. रोज सकाळी पुन्हा प्रयत्न करायची, आणि रोज हात कलंडायचा. लिंग पडायच्या आत ती उजव्या हातानं झाकायची आणि डबी बंद करायची. मी म्हणलं, उजव्या हातावर घे. तर म्हणली, मग पाणी कोणत्या हातानं घालू. मी म्हणलं, पाटावर ठेव. तर माझ्याकडं असं बघितलं की मी रानात निघून गेलो.

गावातले डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून जायचे. ते म्हणले नाकातून नळी घालू, तिच्यातून दूध जाईल. नळी घालायला गेले तर तिनं एका हातानं असा झटका दिला की भांडं उडालं. पोरगा माझ्यावर चिडला. म्हणला, "बाबा, हितं माय मरायलीय आन् तुमी नियम धरून बसलाव." मी म्हणलं, मी कुठं धरलाय, तिनं धरलाय. पोरगा म्हणला, मग तुमी सोडवा की. ते काय मला येत होतं का.

आमच्या गावचे जंगम, म्हणजे आमचे पूजा सांगणारे, वयानं तरणे आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी बाजंजवळ बसून लय गोड समजावलं, की आजी, आजाऱ्याला माफी असती, डोळे मिटून मनात पूजा करा, देवाला पोचती. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणली, "बरं. मनात पूजा करते आन् मनातच जेवते." जंगम उठले ते चहाबी न घेता गेले. मला तेवढ्यातबी हसू आलं. ते शेवटचं हसू. त्यानंतर घरात कुणी हसलं नाही.

मग एक दिवस तिनंच मला जवळ बोलावलं. तिला दीक्षा शिळदऱ्याच्या मठातल्या थोरल्या स्वामींनी दिली होती, लहान असताना, तिच्या माहेरची गादी ती, पण तिकडची खबर लय वर्षांत आली नव्हती. म्हणली, त्यांना जाऊन विचारा. डावा हात मेल्यावर लिंग कुठं ठेवायचं. ते सांगतील ते मी करीन. ते म्हणले खा, तर खाईन. मी म्हणलं बघू. मला कुणाकडं काही मागायला जायची सवय नाही, त्यात स्वामी-महाराजाकडं तर नाहीच. पण दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हळूच सांगितलं, की लेकीबाळींना बोलावून घ्या. मी धोतर बदललं, पायतान घातलं आणि काही न खाता निघालो. ती उपाशी आणि मी भरल्या पोटानं तिचा सवाल घेऊन जावं, हे मला बरोबर वाटलं नाही.

पालमला एसटी धरली, गाडी बदलत राणीसावरगावाकडं आलो. तिथून एका काळीपिवळीनं डोंगराच्या पायथ्याला सोडलं. पुढं गाडी जात नाही. ऊन रणरणायलं होतं. दगड रचून केलेली वाट आहे, बैलाच्या खुरांनी मधोमध झिजलेली. मी थांबत थांबत चढलो. मला वाटत होतं, एवढं चढून स्वामींच्या पाया पडायचं, हात जोडायचे, आणि मग ते सांगतील तशी आमच्या घरातली एक बाई जगणार का मरणार. असलं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

शिळदरा मी पहिल्यांदा बघत होतो. सगळं गाव काळ्या दगडाचं. वेशीला दोन बुरुज, मधी कमान. आत शिरलं की फरशी घातलेली बोळ, आणि दोन्ही बाजूला चिरेबंदी घरं. चिरे असे बसवलेले की मधी नख जाणार नाही. माळवदावर चढायच्या पायऱ्या भिंतीतूनच बाहेर काढलेल्या, दगडाच्याच. दारासमोर जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणी. कुणी घडवलं असेल, किती जन्म घालवले असतील. आणि दारादाराला कुलूप. डोणीत पाण्याच्या जागी पाचोळा. माळवदावर वाळलेलं गवत उभं. बोळीतून चालताना माझ्याच पायतानाचा आवाज दोन्ही भिंतींवरून माझ्याकडं यायचा. गाव एवढं मजबूत आणि त्यात माणूस नाही. माझ्या मनात आलं, आमच्या घरातबी आता असंच होणार.

वेशीत सावलीला एक शेळ्यावाला बसला होता. त्यानं विचारलं, "फोटू काढायला आलाव का मामा?" मी म्हणलं, स्वामींना भेटायचंय. तर म्हणला, "कोणत्या? समाधीतल्या का तालुक्याच्या?" मला कळंना. मग त्यानं सांगितलं, थोरले स्वामी कोरोनाच्या साली लिंगैक्य झाले, म्हणजे देह ठेवला. मठातच समाधी आहे. गादीवर नवे स्वामी आहेत, पण ते तालुक्याच्या गावी राहतात आणि शिवरात्रीला वर येतात. आता तर ते कर्नाटकात गेलेत, कधी येतील कुणाला मालूम. हे सगळं त्यानं शेळीच्या कानातली गोचीड काढता काढता सांगितलं. त्याच्यासमोर तोंड पाडायचं नव्हतं म्हणून सरळ ताठ चालत मठाकडं गेलो.

मठाचं दार दोन पुरुष उंच, त्याला कुलूप. फटीतून आत बघितलं. दगडी खांब, खांबांवर कोरलेल्या वेली, मधी समाधीचा चौथरा आणि त्यावर वटवाघळांची घाण. मी पायरीवर बसलो. किती वेळ बसलो सांगता येत नाही. सावली पायाखाली आली होती. आधी मला राग आला, कशाचा ते कळंना. मग राग गेला आणि काहीच राहिलं नाही. घरी जाऊन तिला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं. स्वामी मेले म्हणून सांगितलं तर ती म्हणणार, बरं, मग मीबी चालले. आणि खोटं सांगावं, स्वामींनी खा म्हणून सांगितलं असं, तर ते माझ्या तोंडून निघालं नसतं. ती माझं तोंड वाचते. एवढी वर्षं दुसरं काय वाचलंय तिनं.

मठाच्या मागं बारव आहे, पायऱ्यांची विहीर, चारी बाजूंनी दगडी उतार खाली खाली गेलेला. मी तिथं गेलो. तळाला पाणी हिरवंगार दिसत होतं. वरच्या पायरीवर उभं राहून मी गळ्यातली डबी काढली. जन्मापासून पहिल्यांदा ती मी स्वतःहून गळ्यातून काढली. हातात घेऊन आतल्या लिंगाला म्हणलं, तुझं वजन मी एवढी वर्षं वाहिलं, तिनं तर फुलासारखं जपलं. आणि तुला एका बाईच्या हातावर दोन मिनिटं बसता येईना. मग तू कशाला पाहिजेस आम्हाला. मी ती बारवंत फेकणार होतो, हे लपवत नाही. आणि डबी फेकल्यावर मी वर थांबलो असतो का तिच्यामागं गेलो असतो, तेबी आज मला सांगता येत नाही. दोन पायऱ्या उतरलो.

मागून आवाज आला. "आवं बाबा, तिकडून उतरू नका. पायऱ्या सुटल्यात, आन् पाणी सडलंय."

वळून बघितलं तर डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई. माझ्याच वयाची, काळीसावळी, कपाळाला भस्माचे पट्टे. भारा डोक्यावर तसाच ठेवून उभी होती. माझ्या तोंडाकडं बघितलं, हाताकडं बघितलं. मी मूठ मिटून घेतली. ती म्हणली, "तहान लागली आसंल तर घरला चला. खाली पडलाव तर वर काढायला ह्या गावात माणसंबी उरले न्हाईत." आणि वाट न बघता चालायला लागली. मी का गेलो तिच्यामागं ते मला सांगता येत नाही. पाय निघाले.

बोळीच्या टोकाला तिचं घर, उघड्या दाराचं त्या ओळीतलं एकच. भारा दावणीपाशी टाकून तिनं मला आत बसवलं. बाहेर एवढं ऊन, आणि आत दगडाच्या भिंती थंडगार. डोळे सरावेपर्यंत काही दिसंना. मग दिसलं, की खांबाला टेकून तिचा नवरा बसलाय. उंच माणूस, एके काळी चांगला ताकदीचा असावा. पण सगळं अंग थरथरत होतं. मान, हनुवटी, आणि हात तर असे की मांडीवर ठेवले तरी उडायचे. कंपवात. तो म्हणला, "बसा पाव्हणे. मी आपला हिची वाट बगत बसतो. ही रानातून आल्याबिगर माजा म्हादेव उठत न्हाई."

बाईनं मला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणली, जेवायचं ह्यांच्या पूजेनंतर, थोडा दम धरा. हातपाय धुऊन आली, भस्माची वाटी आणि बेल घेतला आणि नवऱ्याच्या समोर मांडी घालून बसली. त्याचा डावा हात तिनं आपल्या दोन्ही हातांवर घेतला. खालून, वाटी धरावी तशी. त्यानं उजव्या हातानं डबी उघडायला लय वेळ लावला. ती घाई करत नव्हती, मदतबी करत नव्हती. शेवटी डबी उघडली, आणि त्यानं लिंग काढून आपल्या डाव्या तळहातावर ठेवलं.

त्याचा हात थरथरत होता. त्याच्या थरथरीनं तिचे हात थरथरत होते. त्यावर ते काळं लिंग थरथरत होतं. पण पडत नव्हतं. तो पाणी घालायचा ते निम्मं हातावर, निम्मं तिच्या लुगड्यावर. भस्म लावायला बोट जाईना, तर ती हात थोडा वर घ्यायची, बोट पोचेपर्यंत. तो पुटपुटत होता. ती गप डोळे मिटून होती. मी पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून बसलो होतो. प्यायचं विसरलो.

पूजा झाल्यावर मला राहवलं नाही. आजवर मी धर्माची चौकशी कुणाकडं केली नव्हती. विचारलं, हे चालतं का. दुसऱ्याचा हात लागलेला.

बाई लुगडं पिळता पिळता म्हणली, "कुणाचा हात लागलाय? लिंगाखाली ह्यांचा हात हाय. ह्यांच्या हाताखाली माजा हाय. माज्या हाताखाली मांडी हाय, मांडीखाली ही फरशी, फरशीखाली डोंगर. कुणाकुणाला इचारायचं, चालतंय का म्हणून?"

नवरा हसला. म्हणला, "लगीन झालं तवा हात धरायला लाजायची. आता सोडीना झाली."

"सोडते की," ती म्हणली. "पडलं की मग रडत बसताल."

मी खाली बघत राहिलो. माझ्या गळ्यातली डबी माझ्या मुठीतच होती, घामानं ओली. त्या बाईनं भस्माची वाटी आणि तांब्या माझ्यासमोर सरकवला आणि म्हणली, तुमचीबी राहिलीय वाटतं. मग आत चुलीकडं गेली. मी तिथं त्या फरशीवर बसून पूजा केली. कधी लक्ष देऊन केली नव्हती, त्या दिवशी केली. तळहातावर लिंग घेतलं आणि पहिल्यांदा कळलं की त्याला वजन आहे. तिनं भाकर, तेलचटणी आणि ताक दिलं. मी खाल्लं. खाताना नवऱ्यानं विचारलं, कुठून आलाव, काय काम काढलं. मी म्हणलं, सहज आलतो, देऊळ बघायला. खरं सांगायला पाहिजे होतं. त्यांनी एवढं केलं होतं. पण आमच्या घरात काय चाललंय हे अनोळखी माणसाला सांगणं माझ्या जिभेला जमलं नाही. तो म्हणला, येतात लय लोक, दगडं बघून जातात. बाई माझ्याकडं बघत होती. निघताना तिनं बारवंच्या बाजूनं जाऊ नका, वेशीनं जा, एवढंच सांगितलं. मी तिचं नाव विचारलं नाही, तिनं माझं विचारलं नाही.

संध्याकाळच्या आत घरी पोचलो. सून दारात उभी होती, पोरगा आत माईजवळ. लेकी आल्या होत्या. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी बाजंजवळ गेलो. म्हातारीनं डोळे उघडले. विचारलं, स्वामी काय म्हणले. मी म्हणलं, "स्वामी गेले. मठाला कुलूप हाय." खरं होतं ते सांगितलं. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. लेक रडायला लागली. पोरगा म्हणला, मग एवढ्या उन्हात जाऊन काय मिळवलंत. मी जे बघितलं होतं ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायला मला भीती वाटत होती. तिनं नाही म्हणलं तर? तिनं माझा हात झटकला तर? आमच्या पिढीत चारचौघांत बायकोचा हात कोण धरतं. आणि तिच्या पूजेत मी कधी जवळ बसलो नव्हतो. तिचा देव आणि ती, मधी मी कोण. माझ्याजवळ होती नव्हती ती एकच गोष्ट होती, आणि तीबी दुसऱ्याच्या घरात बघितलेली.

त्या दिवसाबद्दल मी लय विचार केलाय. ती बाई मला कुणी पाठवली असं मी म्हणत नाही. ती रोज त्याच वेळी गवत घेऊन त्याच वाटेनं येत असणार. तिचा नवरा रोज तिची वाट बघत असणार. मी नसतो आलो तरी त्या दिवशी तिथं तशीच पूजा झाली असती. ते काही माझ्यासाठी मांडलेलं नव्हतं. पण मला वाटतं, स्वामी जिवंत असते आणि त्यांनी मला हेच तोंडानं सांगितलं असतं, तर मी वाद घातला असता. म्हणलं असतं, हे कोणत्या पोथीत आहे. मला सांगून पटत नाही, हे माझा बाप म्हणायचा, पोरगा म्हणतो. ज्यानं कुणी मला ओळखलंय त्यानं मठाला कुलूप लावलं आणि एक दार उघडं ठेवलं, असं मनात येतं. येतं आणि मी त्याला हात जोडतो. पुढं तर्क करत नाही.

ती बरी झाली असं मी लिहिणार नाही. डावा हात शेवटपर्यंत उठला नाही. ती गेली तेव्हा मी तिच्यापाशी होतो. नशिबाचं जे होतं ते झालंच, ते कुणी टाळलं नाही. फक्त उपाशी गेली नाही. तिचं लिंग तिला सोडून गेलं नाही. मी आयुष्यभर असं समजत आलो की देवाला धरायचं असेल तर आपल्या हातात ताकद पाहिजे, आणि ज्याच्या हातात ताकद आहे त्याला देवाची काय गरज. दोन्ही खोटं निघालं. आपला हात मेला की दुसऱ्याचा हात खाली येऊ द्यावा लागतो. येऊ देणं हेच अवघड असतं. तिला अवघड होतं, आणि खाली हात घालणं मलाबी अवघड होतं. शिळदऱ्याच्या त्या बाईचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते फेडायला मी पुन्हा वर गेलो नाही, कारण काय सांगावं तिला तेच मला सुचत नाही. तिला हे सगळं रोजचं आहे.

शिळदऱ्याहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंधारातच उठून अंघोळ केली. परसातल्या झाडाचा बेल तोडला. सुनेला म्हणलं, तू बाहेर थांब. म्हातारीला उठवून बसवलं आणि बाजंवर तिच्यासमोर मांडी घालून बसलो. तिनं विचारलं, काय करायलाव. मी म्हणलं, तुझी पूजा करून घे. ती म्हणली, पडंल. मी तिचा डावा हात उचलला. थंड होता आणि इतका जड की मला वाटलं नव्हतं. माझ्या दोन्ही तळहातांवर ठेवला, बोटं उघडली, माझी बोटं खालून दाबून धरली.

तिनं लय वेळ माझ्याकडं बघितलं. "कुणी सांगितलं हे?"

"कुणी न्हाई," मी म्हणलं. "घे लवकर. माजे हात अवघडायलेत."

तिनं डबी उघडली. लिंग काढून तळहातावर ठेवलं. हात कलंडायला लागला तसा मी खालून वर घेतला. ते थांबलं. तिनं पाणी घातलं, भस्म लावलं, बेल वाहिला. सगळं सावकाश, जसं पहिलं करायची तसं. तिच्या डोळ्यातलं पाणी लिंगावर पडत होतं, ते तिनं पुसलं नाही. माझे खांदे दुखायले होते, पाठ दुखायली होती, पण ती डोळे उघडेपर्यंत मी हललो नाही. डबी बंद झाल्यावर मी तिचा हात खाली ठेवला. तिनं विचारलं, चूल पेटलीय का. मी उठलो, सुनेला हाक मारली नाही, आणि चुलीपुढं बसून स्वतःच तिच्यासाठी दूध तापत ठेवलं.